चिकणमातीचा उतार

३ मार्च, सोमवार. पाणी ६ मीटर ४२

ही डायरी साबण पुरवणाऱ्या कंपनीने फुकट दिलेली. दोन महिने काउंटरखाली कोरी पडून होती, आज तिला काम लागलं.

झालं असं, की शेजारच्या बेकरीची विहीर गेल्या आठवड्यात सील झाली. परवान्यासाठी पाण्याचा नमुना नेला होता, तो नापास. जंतू नाहीत, पण कसलं तरी रसायन आहे म्हणे. बेकरीवाली माझी तीस वर्षांची मैत्रीण. तिची भट्टी चार दिवस थंड आहे आणि ती स्वतः तापलेली.

आज भूजल खात्याच्या मॅडम आल्या. तिशीच्या आसपासच्या, चिखलाने भरलेले बूट, बोलणं मोजकं. आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानामागे एक जुनी बोअर आहे. तिचं झाकण काढून त्यांनी मला एक टेप दिली. टेप खाली सोडायची, टोकाला पाणी लागलं की ती टूंऽऽ करते, आकडा वाचायचा. गल्लीतल्या सगळ्या विहिरींचं पाणी रोज एकाच वेळी मोजलं तर जमिनीखाली ते कुठून कुठे जातंय ते कळतं, असं म्हणाल्या.

मी म्हटलं, "नुसता आकडा लिहू?"

"आकडा लिहा. बाकी जे सुचेल तेही लिहा."

ती परवानगी मी जरा जास्तच मनावर घेणार असं दिसतंय.

५ मार्च, बुधवार. ६.४२

बेकरीवालीने विहिरीतलं बाटलीभर पाणी ठेवून दिलं होतं. आज तिने ते पातेल्यात तापवलं आणि मला हाक मारली. "घे वास. गोडसर येतोय का नाही?"

मी नाक जवळ नेलं. मला काही आला नाही.

"अगं, एवढा स्पष्ट येतोय! वर्षभर येतोय. मला वाटायचं इसेन्सचा डबा गळतोय."

मी परत हुंगलं. काहीच नाही. वय झालं की नाकही दगा देतं बहुतेक.

८ मार्च, शनिवार. ६.४३

आज मॅडमना चहाला बसवून प्रश्न विचारून भंडावलं. मला वाटायचं, जमिनीखाली पाण्याच्या नद्या असतात. त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. काचेच्या ग्लासात वाळू भरून घ्यायला सांगितली आणि वरून पाणी ओतलं. ग्लास भरलेलाच होता, तरी पाणी आत मावलं. "हे एवढंच असतं," त्या म्हणाल्या. "कणांच्या मधल्या फटी. त्यातून पाणी सरकतं. तुमच्या गल्लीखाली दिवसाला वीतभर सरकत असेल."

दिवसाला वीतभर! मुंगीसुद्धा त्याला मागे टाकेल. म्हणजे आज माझ्या बोअरमध्ये आलेलं पाणी गेल्या वर्षी बेकरीच्या अंगणाखाली होतं. मी हे ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मग उद्याच्या इस्त्रीचं काय?" हे शाळेची बस चालवतात, वेळ पाळायची सवय. वीतभराचं कौतुक त्यांना नाही.

आकड्यांवरून मॅडमनी नकाशा काढलाय. गल्लीच्या वरच्या टोकाला गॅरेज, मधे बेकरी, खाली आम्ही. पाणीही त्याच दिशेने, वरून खाली. म्हणजे घाण आली असेल तर वरून आली असणार, आम्ही बापडे शेवटी.

११ मार्च, मंगळवार. ६.४३

अहवाल आला. बेकरीच्या विहिरीत सॉल्व्हंट, म्हणजे तेलकट डाग काढायचं रसायन सापडलं, आणि थोडं आमच्या बोअरमध्येही. बेकरीत जास्त, आमच्याकडे कमी.

मॅडमनी सरळ विचारलं, "हे तुम्हीही वापरता ना?"

"वापरतो की. कपडे त्यातच धुतो. पण आमचं मशीन बंद पद्धतीचं आहे, सोळा वर्षं झाली. थेंब बाहेर जात नाही. सॉल्व्हंटने भिजलेला मळाचा गाळ ड्रममध्ये भरतो आणि कंपनीची गाडी नेते, पावत्या दाखवते. शिवाय तुमच्याच नकाशाप्रमाणे पाणी बेकरीकडून आमच्याकडे येतं. उलटं कसं जाईल?"

त्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग मशीन बघायचं म्हणाल्या. मी हौसेने दाखवलं. काचेच्या नळीत सॉल्व्हंट आणि कपड्यातलं पाणी वेगळं होतं तो सेपरेटर त्यांना फार आवडला. "पाणी वर राहतं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "नेहमीच. सॉल्व्हंट जड असतं हो, दीडपट. पाण्यात टाकलं की तळाशी जाऊन बसतं." त्या बराच वेळ त्या नळीकडे बघत होत्या.

"दुकान किती वर्षांचं?"

"एकोणपन्नास. सासऱ्यांनी घातलं."

"ते भेटतील?"

आजकालची मुलं म्हाताऱ्यांची चौकशी करत नाहीत. बरं वाटलं.

१४ मार्च, शुक्रवार. ६.४४

मॅडम आणि मामंजींची चांगलीच गट्टी जमली आहे. मामंजी ब्याऐंशीचे. गुडघे गेलेत, पण जुन्या गोष्टी निघाल्या की माणूस उठून बसतो. पहिलं मशीन कसं हाताने भरायचं, कोट वाळत घातले की सगळ्या खोलीला कशी गुंगी यायची, असं काय काय. मॅडम ऐकत होत्या, मधूनच एखादा प्रश्न. "गाळ कुठे टाकायचात, काका?"

"मागे. आपली जागा होती की! वाळूचा खड्डा केला होता. बादली ओतली की पाच मिनिटांत गायब. जमीन सगळं पोटात घेते. एक डाग नाही, एक डास नाही."

मामंजी खूश होऊन हसले. मीही हसले. माझं लग्न झालं तेव्हा दुकानातलं मला मिळालेलं पहिलं काम तेच, ती बादली. किती जड असायची! हात गळून जायचा. मॅडमना तेही सांगितलं. सोळा वर्षांपूर्वी मशीन बदललं आणि ते सगळं बंद झालं. आता त्या जागेवर फरशी आहे, आम्ही स्कूटर लावतो.

१७ मार्च, सोमवार. ६.४४

बेकरीत सगळ्यांची बैठक झाली. कामगार घरी बसलेत, गिऱ्हाईक दुसरीकडे वळलंय, ती रडकुंडीला आली होती. तिची दीड वर्षांची नात त्याच पाण्याच्या दुधावर वाढली. मला ते बघवेना. मी बोलून टाकलं, "वर कोण आहे? गॅरेज. इंजिनं कशाने धुतात तिथे? ह्याच औषधाने. मी त्यांचे डबे पाहिलेत."

गॅरेजवाले कोपऱ्यात उभे होते. म्हणाले, "महिन्याला लिटरभर लागतं, बाई. तेही चिंधीला लावून."

कोणी ऐकलं नाही. माझ्या बोलण्याला वजन आहे, कारण मी त्या धंद्यातली. मॅडम हजर होत्या. त्या म्हणाल्या, "अजून काही ठरलेलं नाही," पण तोवर सगळ्यांचं ठरलं होतं.

बेकरीवालीने निघताना माझा हात घट्ट धरला.

२६ मार्च, बुधवार. ६.४६

गॅरेजची बोअर साफ निघाली. गॅरेज आणि बेकरीच्या मधे मॅडमनी दोन बारीक बोअर पाडल्या, त्याही साफ. म्हणजे घाण बेकरीच्या खालीच सुरू होते आणि तिथून आमच्याकडे येते. आकाशातून पडली की काय?

कोणीतरी म्हणालं, मग बेकरीतच काही ओतत असतील. बेकरीवालीने ते ऐकलं. "मी मैद्यात सॉल्व्हंट कालवते का?" म्हणून तिने असा आवाज लावला की गल्ली गप्प.

गॅरेजसमोर मात्र नऊ दिवसांत एक गाडी उभी राहिली नाही. आज मी तिथून गेले तर ते रिकाम्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी मान खाली घातली. पण मी जे बोलले ते वावगं नव्हतं, त्यावेळी तसंच दिसत होतं. असं मी स्वतःला सांगितलं. पटलं नाही फारसं.

पण एक विचार डोक्यातून जात नाही. पाणी वरून खाली येतं, वरचं साफ आहे, मग मधे कुठून उगवलं?

२ एप्रिल, बुधवार. ६.४७

आज मॅडमनी आमच्या दुकानामागे, स्कूटरच्या फरशीजवळ बोअर पाडली. मातीचे लांब दंडगोल बाहेर काढून पन्हाळीसारख्या नळ्यांत ओळीने मांडले. मी काम सोडून बघत होते. वर मुरूम, मग वाळू, ओली वाळू, आणि आठ मीटरवर एकदम करडी, गुळगुळीत चिकणमाती. बोट लावलं तर लोण्यासारखी.

"ही पाणी खाली जाऊ देत नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तुमच्या गल्लीत पाणी टिकतं. सगळीकडे आहे ही, फक्त खोली वेगळी."

मी म्हटलं, "बेकरीपाशी किती खोल?"

"अकरा."

"आणि गॅरेजपाशी?"

"सात."

मी घरी येऊन डायरीच्या मागच्या पानावर काढून बघितलं. आमच्याकडे आठ, बेकरीत अकरा, गॅरेजला सात. टिंबं जोडली तर बशी झाली, आणि बशीचा तळ बेकरीखाली. पाण्याचा उतार बेकरीकडून आमच्याकडे. चिकणमातीचा उतार आमच्याकडून बेकरीकडे. एकाच गल्लीखाली दोन उतार, एकमेकांच्या उलटे. मला मोठी गंमत वाटली. म्हटलं, उद्या मॅडमना दाखवू.

इस्त्री करायला उभी राहिले. समोर मशीन चालू होतं. सेपरेटरच्या नळीत पाणी वर, सॉल्व्हंट खाली.

जे जड आहे ते पाण्याबरोबर जात नाही. ते पाण्यातून थेट खाली उतरतं. आणि खाली चिकणमाती लागली की तिच्या उताराने घरंगळतं, पाणी कुठेही जावो.

शर्टाची बाही जळाली. गिऱ्हाइकाचा चांगला शर्ट.

३ एप्रिल, गुरुवार. ६.४७

आज लिहायला काही नाही.

४ एप्रिल, शुक्रवार. पाणी मोजलं नाही

मामंजींना विचारलं. "किती वर्षं ओतलं तिथे?"

"सुरुवातीपासून. तू बंद केलंस तोपर्यंत."

"रोज?"

"आठवड्याला दोन बादल्या. का गं?"

मी बशी काढून दाखवली. समजावून सांगितलं, जसं मला समजलं तसं. त्यांनी चष्मा लावून बघितलं. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"कंपनीचा माणूसच सांगून गेला होता, वाळूत ओता म्हणून. उडून जातं, म्हणाला. मी एवढ्या लोकांचे लग्नातले कोट धुतलेत, सूनबाई. मी कोणाच्या पाण्यात विष घालेन का?"

"तुम्ही घातलं असं नाही म्हणत. मीही ओतलंय, चौदा वर्षं."

"मग म्हणू नकोस कुणाला."

हेही तेच म्हणाले. ह्यांचं म्हणणं, मॅडमना काय शोधायचं ते शोधू दे, आपण होऊन तोंड कशाला उघडायचं? दुकान जाईल. म्हाताऱ्या माणसाचं नाव जाईल. मी म्हटलं, गॅरेजवाल्यांचं गेलंय ते? त्यावर हे उठून बसचे आरसे पुसायला गेले. सकाळीच पुसले होते.

मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय सांगू? बेकरीवालीला वास येत होता आणि मला येत नव्हता. मी म्हटलं, वय झालं. तीस वर्षं मी त्याच वासात उभी आहे.

५ एप्रिल, शनिवार. ६.४८

मॅडमच्या कचेरीत गेले. जिन्यावर मातीच्या नमुन्यांची खोकी, टेबलावर हात ठेवायला जागा नाही. मी डायरीचं मागचं पान पुढे केलं.

त्यांनी बघितलं आणि खणातून स्वतःचा नकाशा काढला. तीच बशी. माझ्यापेक्षा सुबक, रंगीत.

"तुम्हाला माहीत होतं?"

"संशय होता. काकांनी खड्ड्याचं सांगितलं तेव्हापासून. पण संशय लिहून देता येत नाही, चिकणमातीची खोली मिळायला हवी होती."

मला राग आला. महिनाभर माझा चहा पिऊन! मी तसं म्हटलंही. त्या लाल झाल्या, पण नजर चुकवली नाही. "गॅरेजचं नाव निघालं तेव्हा मी जोरात बोलायला हवं होतं," म्हणाल्या. "तिथे माझं चुकलं."

मग आम्ही दोघी बराच वेळ त्या नकाशावर वाकून बसलो. राग होता तो होताच, पण मला विचारल्याशिवाय राहवेना: ओतलेलं सगळं बशीत आहे का? नाही म्हणाल्या. काही वाटेत वाळूच्या फटींत थेंब थेंब अडकलंय, काही तळाशी डबकं करून बसलंय, आणि त्यावरून पाणी जाताना रोज थोडं थोडं विरघळून घेतं. तेच विरघळलेलं परत आमच्या बोअरकडे येतं. म्हणजे आमचं आमच्याकडेच परत येत होतं, बेकरीला वळसा घालून. आणि आमच्याकडून पुढे?

पुढे शाळेची विहीर आहे. चारशे मीटरवर. अजून साफ आहे.

मी लिहून दिलं. खड्डा कुठे, किती वर्षं, कोणी ओतलं. खाली सही केली. मामंजींचं नाव आधी लिहिलं होतं, मग माझं वर घेतलं.

७ एप्रिल, सोमवार. ६.४८

बेकरीवालीला सांगितलं. ती रिकामे ट्रे घासत होती. चकचकीत असलेले ट्रे.

ती ऐकत राहिली. घासायची थांबली नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "तू त्या दिवशी पातेल्यात नाक घातलं होतंस."

"खरंच नव्हता आला वास."

"ते माहीत आहे मला. खोटं बोलली असतीस तर रागावणं सोपं झालं असतं." मग पुढचा ट्रे ओढून घेत, "नातीच्या तपासण्या नीट आल्यात. तुला सांगायचं नव्हतं मला. पण सांगितलं. आता जा."

गेले.

१० एप्रिल, गुरुवार. ६.४९

गॅरेजवाल्यांकडे गेले. मॅडमनी सगळ्यांना पत्र पाठवलंय, त्यामुळे त्यांना कळलेलंच होतं. तीन गाड्या उभ्या होत्या. मी माफी मागितली. ते गाडीखालीच होते, बाहेर आले नाहीत.

खालूनच बोलले, "आमचे हात काळे, बाई. लोकांना घाण म्हटलं की आम्हीच दिसतो. तुमच्याकडे सगळं पांढरंशुभ्र, हँगरला लावलेलं."

मी उभी राहिले. खालून एक हात बाहेर आला. "तो दहाचा पाना द्या जरा इकडे."

मी चुकून बाराचा दिला. त्यांनी तो परत केला आणि कुठला ते बोटाने दाखवलं.

१४ मे, बुधवार. ६.६१

महिनाभर आकड्यांखेरीज काही लिहिलं नाही. दुकान सध्या बंद, फक्त इस्त्री चालू आहे. फरशी उखडली. खड्ड्याच्या जागी मॅडमच्या लोकांनी जाळीच्या नळ्या घातल्यात, पंप लावून मातीतली हवा ओढतात. फटींत अडकलेलं त्या हवेबरोबर वाफ होऊन येतं आणि कोळशाच्या टाकीत धरलं जातं. किती वर्षं चालेल विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "ओतायला लागली त्याहून कमी लागोत." बेकरीला नळाचं पाणी मिळालं, भट्टी पेटली. ती माझ्याशी बोलते, कामापुरतं. शाळेची विहीर दर आठवड्याला तपासतात, साफ आहे.

आज बेकरीच्या अंगणात बशीच्या तळापर्यंत नळी घालून पहिला नमुना काढायचा होता. मी टेप घेऊन गेले. तर मागून काठीचा आवाज. मामंजी. महिनाभर ते ह्या विषयावर एक शब्द बोलले नव्हते. कोणी काढलाच तर ऐकू न आल्यासारखं करायचे. आज कपडे करून, भांग पाडून आले होते.

नळीतून बाटलीत आलं. गढूळ पाणी. मॅडमनी बाटली निवळायला ठेवली. हळूहळू गाळ बसला आणि तळाशी एक थर वेगळा झाला. स्वच्छ, जड, बाटली कलती केली की आळसटपणे हलणारा.

"तेच कशावरून?" मामंजी म्हणाले.

बेकरीवाली दारात उभी होती.

मामंजींनी खिशातून रुमाल काढला, अंगणातल्या पंपाच्या वंगणाला त्याचं टोक लावलं. काळा डाग पडला. "टाका एक थेंब."

"हात लावू नका, काका," मॅडम म्हणाल्या. त्यांनी हातमोजे घालून ड्रॉपरने तळातलं थोडं घेतलं आणि डागावर टाकलं, खाली कापसाचा बोळा धरला. डाग सुटून बोळ्यात उतरला. रुमाल आमच्या डोळ्यांदेखत वाळला. कडेला ओल नाही, वलय नाही.

मामंजींनी रुमाल उजेडाकडे धरला. असे कपडे ते एकोणपन्नास वर्षं उजेडाकडे धरत आले आहेत.

"पाणी असं वाळत नाही," ते म्हणाले. मग बेकरीवालीकडे वळले. "आमचंच आहे, पोरी."

ती वळून आत गेली. मला वाटलं, संपलं. पण ती स्टूल घेऊन बाहेर आली, सावलीत ठेवलं आणि म्हणाली, "बसा, काका. उन्हात उभे राहू नका."

ते बसले. ती जवळ उभी राहिली. मीही. तिघं मिळून बाटलीकडे बघत होतो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

घरी येताना मामंजी पुटपुटत होते. मला वाटलं, काही म्हणतायत. पण ते पावलं मोजत होते. उखडलेल्या फरशीपाशी थांबले, दम खाल्ला.

"एकशे चार," म्हणाले. "म्हाताऱ्याची पावलं, तुझी कमी भरतील. एकोणपन्नास वर्षांत एकशे चार पावलं गेलं. आणि मला वाटलं, गायब झालं."

मग खड्ड्यातल्या नळ्यांकडे बघत त्यांनी विचारलं, "सूनबाई, हे सगळं वर आलं की नाही, ते कसं कळतं?"

मी त्यांना टेप दाखवली. नमुना कसा घ्यायचा ते सांगितलं. उद्यापासून सकाळचा आकडा ते घेणार आहेत, मी लिहिणार. गुडघ्यांचं काय करायचं ते बघू.